वाचकांचे प्रश्न: एका क्लबचा हंगाम आणि चार स्पर्धांचे गणित

युरोपातल्या फुटबॉलबद्दल बडोद्याच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. बरीचशी उदाहरणे २०२४-२५ च्या हंगामातली आहेत. चॅम्पियन्स लीगची नवी रचना त्याच हंगामात आली आणि पत्रांतला बहुतेक गोंधळही तिथूनच सुरू होतो.

चॅम्पियन्स लीगच्या साखळीत लिव्हरपूल पहिला होता आणि पॅरिस सेंट जर्मेन पंधरावा. तरीही शेवटच्या सोळांत पॅरिसने लिव्हरपूलला बाद केले आणि पुढे चषकही जिंकला. मग पहिला येऊन मिळाले काय? (दांडिया बाजार)

दोन जादा सामन्यांतून सुटका मिळाली आणि परतीचा सामना आपल्या मैदानावर खेळायला मिळाला. सोपा प्रतिस्पर्धी मिळेलच असे मात्र नियमात कुठेही नाही.

आता ३६ संघांचा एकच गुणतक्ता असतो. प्रत्येक संघ आठ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी आठ सामने खेळतो, चार घरी आणि चार बाहेर. पहिले आठ थेट शेवटच्या सोळांत जातात. ९ ते २४ क्रमांकाचे संघ आपसांत दोन-दोन सामन्यांचा प्लेऑफ खेळतात. २५ व्या क्रमांकापासून खालच्यांचा युरोपातला हंगाम तिथेच संपतो. पूर्वीसारखे दुसऱ्या दर्जाच्या युरोपा लीगमध्ये उतरता येत नाही.

प्लेऑफमध्ये कोण कुणाच्या वाटेवर येणार हे क्रमांकांवरून बरेचसे आधीच ठरलेले असते. १५ वा आणि १६ वा संघ १७ व्या आणि १८ व्या संघांशी खेळतात, आणि त्यांतले दोन विजेते पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या संघांसमोर येतात. त्या वर्षी या चार जागांवर पॅरिस, बेनफिका, मोनाको आणि ब्रेस्ट होते. चिठ्ठीत बार्सिलोनाला बेनफिका आला आणि लिव्हरपूलला पॅरिस.

शिवाय पॅरिसचा पंधरावा क्रमांक फसवा होता. पहिल्या पाच सामन्यांत त्यांचे अवघे ४ गुण होते. मग साल्झबर्ग, मँचेस्टर सिटी आणि श्टुटगार्ट यांना ओळीने हरवून ते १३ गुणांवर पोचले, आणि प्लेऑफमध्ये ब्रेस्टला दोन सामन्यांत मिळून १०-० ने हरवले. गुणतक्ता सप्टेंबर ते जानेवारीची बेरीज दाखवतो. मार्चमध्ये समोर उभा असलेला संघ त्या बेरजेपेक्षा कितीतरी पुढे गेलेला असू शकतो. म्हणून बाद फेरीआधी क्रमांक नव्हे, प्रत्येक संघाचे शेवटचे तीन-चार सामने पाहावेत, असे आमचे ठाम मत आहे.

लिव्हरपूलचा हंगाम स्पर्धावार मांडला की चित्र स्पष्ट होते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे ३८, चॅम्पियन्स लीगचे १०, लीग चषकाचे ६ आणि एफए चषकाचे २ (हे दोन्ही इंग्लंडमधले बाद पद्धतीचे चषक), असे एकूण ५६ सामने. ९ फेब्रुवारीला दुसऱ्या श्रेणीतल्या प्लिमथने त्यांना एफए चषकातून बाहेर काढले. ५ मार्चला पॅरिसमध्ये ते १-० ने जिंकले, ११ मार्चला घरच्या अ‍ॅनफिल्डवर ०-१ ने हरले आणि पेनल्टी शूटआउट १-४ ने गमावले. पाचच दिवसांनी वेम्ब्लीवर लीग चषकाच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलने २-१ ने मात केली. इतके होऊनही २७ एप्रिलला टॉटनहॅमला ५-१ ने हरवून त्यांनी चार सामने शिल्लक असतानाच लीग जिंकली. ३८ सामन्यांत एक वाईट रात्र भरून निघते, बाद फेरीत निघत नाही. या हंगामाला अपयशी म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

एक बदल लक्षात ठेवा. २०२५-२६ पासून साखळीत वरचा क्रमांक मिळवणाऱ्यांना उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीतही परतीचा सामना घरी मिळू शकतो. त्यामुळे पहिल्या चारांत, आणि त्याहून पहिल्या दोनांत येण्याला आता अधिक वजन आले आहे.

सामना कधी रात्री १२:३० ला असतो, कधी १:३० ला. त्यात तारखेचाही घोळ होतो. नक्की हिशोब कसा करावा? (अलकापुरी)

आपले घड्याळ वर्षभर तेच राहते, युरोपातले वर्षातून दोनदा बदलते: मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळी वेळ चालू असताना मध्य युरोपाच्या वेळेत साडेतीन तास मिळवा, हिवाळ्यात साडेचार. इंग्लंडच्या वेळेत अनुक्रमे साडेचार आणि साडेपाच.

म्हणजे तिकडचा रात्री ९ चा सामना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिलनंतर बडोद्यात १२:३० ला सुरू होतो. नोव्हेंबरपासून मार्चच्या शेवटापर्यंत तोच १:३० ला. संध्याकाळी ६:४५ चा सामना आपल्याकडे १०:१५ किंवा ११:१५ ला. इंग्लंडमधला शनिवारी दुपारी ३ चा सामना ७:३० किंवा ८:३० ला.

घोळ होतो तो गजर लावताना. तिकडचा मंगळवारचा सामना आपल्याकडे बुधवार उजाडल्यावर सुरू होतो. फोनवर मंगळवारी रात्री १२:२५ चा गजर लावला तर तो एक अख्खा दिवस आधी वाजतो. गजर बुधवारचाच हवा. युरोपा लीगच्या गुरुवारच्या सामन्यांसाठी शुक्रवारचा. नवरात्रात गरबा आटोपून घरी पोचणाऱ्यांना १२:३० ची वेळ तशी सोयीची पडते. २०२६ पासून चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मध्य युरोपाच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी ६ ला ठेवला आहे, म्हणजे बडोद्यात रात्री ९:३०. त्या रात्री जागरण नाही.

क्लबने मोठी रक्कम मोजून घेतलेला खेळाडू लीगमध्ये खेळतो, पण युरोपातल्या सामन्यात राखीव बाकावरही नसतो. दुखापत नसताना असे का? (फतेगंज)

त्याचे नाव युरोपसाठी दिलेल्या यादीत नसते म्हणून. लीगची नोंदणी वेगळी, युरोपीय महासंघाची वेगळी.

युरोपच्या ‘अ’ यादीत जास्तीत जास्त २५ खेळाडू असतात आणि त्यांत किमान दोन गोलरक्षक लागतात. २५ पैकी ८ जागा स्थानिक तयारीच्या खेळाडूंसाठी राखीव असतात. १५ ते २१ या वयात तीन हंगाम किंवा ३६ महिने जो त्या क्लबात, किंवा त्याच देशातल्या दुसऱ्या क्लबात होता, तो स्थानिक. या ८ मध्ये दुसऱ्या क्लबात घडलेले चारच चालतात. उरलेले चार आपल्याच अकादमीतले हवेत. असे खेळाडू नसतील तर ती जागा रिकामी राहते आणि यादी २५ वरून २३ किंवा २२ वर येते. अकादमीकडे दुर्लक्ष करून तयार खेळाडू विकत घेत सुटणारे क्लब इथे अडकतात. २१ वर्षांखालच्या, आणि ठरावीक काळ क्लबात असलेल्या मुलांची ‘ब’ यादी वेगळी असते. तिला संख्येची मर्यादा नाही.

चेल्सीने २०२४-२५ च्या कॉन्फरन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेच्या, साखळीसाठी कोल पामरलाच यादीबाहेर ठेवले होते. त्याला लीगसाठी ताजा ठेवायचा होता. बाद फेरीआधी त्याचे नाव घातले आणि चेल्सीने ती स्पर्धा जिंकली.

साखळी संपल्यावर जास्तीत जास्त तीन नवी नावे घालता येतात. पॅरिसने जानेवारी २०२५ मध्ये नापोलीकडून क्वारात्स्खेलिया घेतला, पण २२ जानेवारीच्या मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्यात तो उतरू शकला नाही. फेब्रुवारीत यादीत नाव आल्यावर तो खेळला आणि अंतिम सामन्यातल्या इंटरविरुद्धच्या ५-० मध्ये त्याचाही गोल आहे. तेव्हा फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्लबच्या संकेतस्थळावर नवी यादी नक्की वाचा.

लीगमधली पिवळी कार्डे युरोपात मोजतात का? (मांजलपूर)

नाही, प्रत्येक स्पर्धेची मोजणी स्वतंत्र. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी झाली की एका सामन्याची बंदी, ३२ सामन्यांपर्यंत दहा झाली की दोन सामन्यांची. चॅम्पियन्स लीगमध्ये तिसऱ्या कार्डाला एका सामन्याची, नंतर पाचव्याला, सातव्याला. उपांत्यपूर्व फेरी संपली की पाटी कोरी होते. मात्र त्या फेरीच्या परतीच्या सामन्यात तिसरे कार्ड मिळाले असेल तर उपांत्य फेरीचा पहिला सामना हुकतोच. इंग्लंडमधल्या लाल कार्डाची बंदी तिथल्या चषक सामन्यांनाही लागू पडते, युरोपाला नाही.

टॉटनहॅम लीगमध्ये सतरावा आला आणि चॅम्पियन्स लीगला गेला. क्रिस्टल पॅलेसने एफए चषक जिंकला आणि त्याला मात्र तिसऱ्या दर्जाची स्पर्धा मिळाली. हा न्याय कुठला? (रावपुरा)

टॉटनहॅमचे उत्तर सरळ आहे. युरोपा लीगचा विजेता पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग खेळतो, मग त्याचा लीगमधला क्रमांक कोणताही असो. २१ मे २०२५ ला बिलबाओमध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवले. युनायटेड स्वतः लीगमध्ये पंधरावे होते. हरल्यामुळे त्यांना युरोपात काहीच मिळाले नाही. एका सामन्यावर पूर्ण वर्षाचे उत्पन्न टांगलेले होते म्हणा ना. त्या वर्षी इंग्लंडचे सहा क्लब चॅम्पियन्स लीगला गेले. चार नेहमीचे, पाचवा, इंग्लिश क्लबांच्या एकत्रित युरोपीय कामगिरीमुळे मिळालेल्या जादा जागेवरचा, सहावा टॉटनहॅम.

पॅलेसचे प्रकरण मालकीचे आहे. एकाच व्यक्तीचे किंवा कंपनीचे दोन क्लबांवर निर्णायक वजन असेल तर ते दोन्ही क्लब एकाच युरोपीय स्पर्धेत खेळू शकत नाहीत. जॉन टेक्स्टर यांच्या समूहाकडे ल्योंची मालकी होती आणि पॅलेसमध्ये मोठा हिस्सा. दोन्ही क्लब युरोपा लीगसाठी पात्र ठरले. रचना बदलण्याची मुदत १ मार्च होती, ती टळून गेलेली. अशा वेळी देशांतर्गत लीगमध्ये ज्याचा क्रमांक वरचा तो राहतो. ल्यों फ्रान्समध्ये सहावा, पॅलेस इंग्लंडमध्ये बारावा. ऑगस्टमध्ये क्रीडा लवादानेही पॅलेसचे अपील फेटाळले, आणि युरोपा लीगची जागा नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेली. नियम योग्य आहे, पण मेमध्ये मैदानावर चषक जिंकणाऱ्या खेळाडूंना मार्चमधल्या कागदपत्रांची शिक्षा मिळाली. मुदत हंगामाच्या शेवटी असती तर हे टळले असते.

बाहेरच्या मैदानावरचा गोल अजून दुप्पट मानतात का? (वाडी)

नाही, २०२१-२२ पासून तो नियम रद्द आहे. दोन सामन्यांची बेरीज समान राहिली तर जादा वेळ, मग पेनल्टी. साखळीच्या तक्त्यात मात्र गुण, गोलफरक आणि एकूण गोल समान असतील तर बाहेर केलेले गोल पाहतात.

आमच्या गणेशोत्सव मंडळाला बारा संघांची सात-सात जणांची स्पर्धा घ्यायची आहे. चॅम्पियन्स लीगसारखा एकच तक्ता ठेवता येईल का? तीन-तीन संघांचे चार गट करून प्रत्येकाला प्रत्येक गटातला एक प्रतिस्पर्धी द्यायचा विचार आहे. (प्रताप रोड)

तक्ता ठेवता येईल, पण चार गटांची ही मांडणी जमणार नाही. तीन संघांच्या गटात प्रत्येकाला आपल्याच गटातला नेमका एक प्रतिस्पर्धी देता येत नाही. दोघांची जोडी लागते, तिसरा उरतो. कागदावर आखताना हे लक्षात येत नाही आणि तिसऱ्या फेरीत भांडणे सुरू होतात.

त्याऐवजी मागच्या वर्षीच्या कामगिरीवरून सहा-सहाचे दोनच गट करा, अ आणि ब. गटातले क्रमांक चिठ्ठीने द्या. पहिल्या फेरीत अ१-अ२, अ३-अ४, अ५-अ६ आणि ब गटात तसेच. दुसऱ्या फेरीत अ२-अ३, अ४-अ५, अ६-अ१ आणि ब गटात तसेच. तिसऱ्या फेरीत अ१-ब१, अ२-ब२ असे समोरासमोर. चौथ्या फेरीत अ१-ब२, अ२-ब३ असे एक घर सरकवून, शेवटी अ६-ब१. प्रत्येकाचे चार सामने, एकूण २४, एकही जोडी दुसऱ्यांदा येत नाही. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा असा प्लेऑफ. अंतिम धरून एकूण २९ सामने.

१०५ × ६८ मीटरच्या मैदानात ६० × ४० ची दोन मैदाने आडवी बसतात आणि मध्ये प्रेक्षकांना जागाही उरते. २० मिनिटांचे दोन डाव, ५ मिनिटे विश्रांती आणि पुढच्या संघांसाठी १० मिनिटे धरली तर दोन मैदानांवर सहा सामन्यांची एक फेरी तीन तासांत होते. एका रविवारी दोनच फेऱ्या ठेवा. भाद्रपदातला पाऊस धरून एक राखीव रविवार आधीच जाहीर करा. चिखलात खेळवलेला सामना आणि कोरड्यातला सामना एकाच तक्त्यात शेजारी बसले की तक्रार येतेच.

चॅम्पियन्स लीगच्या साखळीतले शेवटचे अठरा सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे कुणाला दुसऱ्याचा निकाल पाहून खेळ बेतता येत नाही. तुम्हाला ते शक्य नाही. म्हणून चौथ्या फेरीतल्या सामन्यांचा क्रम स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच सगळ्या कर्णधारांसमोर चिठ्ठी काढून ठरवा आणि फलकावर लावा. एका सामन्यातला गोलफरक पाचपर्यंतच मोजा. नाहीतर दुबळ्या संघाला बारा गोल घालणारा त्याच बळावर वर येतो, आणि या रचनेत तो दुबळा संघ सर्वांच्या वाट्याला आलेला नसतो.

एखादा संघ मध्येच माघार घेणार, हे धरूनच नियम लिहा. नेहमीच्या साखळीत त्याचे सगळे निकाल पुसता येतात. इथे पुसले तर चार संघांचे तीनच सामने उरतात आणि तक्ता मोडतो. त्याच्या चारही प्रतिस्पर्ध्यांना ३-० असा विजय द्या, सामना आधी झालेला असला तरी. हा नियम प्रवेश अर्जावरच छापून त्याखाली कर्णधाराची सही घ्या.