लायसोसोमच्या पटलावरच्या प्रथिनांचा कर्करोगाशी काय संबंध असतो? ती रोखली तर कर्करोग थांबेल का?

संबंध जवळचा आहे, पण ही प्रथिने सरसकट रोखणे मला योग्य वाटत नाही. पेशींवरच काम करत असल्याने थोडे सविस्तर लिहिते.

लायसोसोम म्हणजे पेशीतल्या नको झालेल्या गोष्टी पचवणारी, पटलाने वेढलेली पिशवी. शाळेत आपण तिला ‘आत्मघाती पिशवी’ म्हणतो. त्यामुळे सगळे लक्ष आतल्या विकरांकडे जाते आणि पटल दुर्लक्षित राहते. प्रत्यक्षात आतला सामू ४.५ ते ५ इतका आम्लधर्मी ठेवणारा प्रोटॉन पंप, व्ही-एटीपेज, याच पटलात असतो. आतल्या विकरांपासून खुद्द पटलाचा बचाव होतो तो मुख्यतः लॅम्प-१ आणि लॅम्प-२ या प्रथिनांवरच्या शर्करेच्या दाट आवरणामुळे.

कर्करोगात बिघडते ते बरेचदा या प्रथिनांचे ठिकाण. अनेक आक्रमक गाठींमध्ये हा पंप पेशीच्या बाह्य पटलावर येतो आणि आम्ल बाहेर सोडतो. लायसोसोममधून बाहेर पडलेले कॅथेप्सिन, म्हणजे प्रथिने तोडणारे विकर, त्या आम्लात काम करू लागतात, भोवतालचे ऊतक कुरतडतात आणि पेशीला पसरायला वाट मिळते. लॅम्प-१ सुद्धा पृष्ठभागावर आले की त्याच्यावरच्या शर्करा गॅलेक्टिन-३ या शर्करा पकडणाऱ्या प्रथिनाला चिकटतात. प्रसार होताना पेशीला दुसऱ्या अवयवात बस्तान बसवायला ही पकड उपयोगी पडते.

औषधांना दाद न देण्याचा प्रकार तर डोळ्यांनी दिसतो. डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचे औषध स्वतःच लालसर चमकते. औषध लागू पडणाऱ्या पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक उजळलेले दिसते. दाद न देणाऱ्या काही पेशींमध्ये मात्र केंद्रक काळोखे राहते आणि भोवती लाल ठिपके दिसतात. यातले बरेच ठिपके म्हणजे लायसोसोम. औषध पेशीत शिरलेले असते, पण डीएनएपर्यंत पोहोचतच नाही. हे औषध सौम्य अल्कधर्मी असल्याने आम्लात अडकते, शिवाय लायसोसोमच्या पटलावर पी-ग्लायकोप्रोटीन हे औषधे वाहून नेणारे प्रथिन असेल तर ते त्याला लायसोसोममध्ये ओढते. मला या विषयातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पटलाचा थेट उपचारावर परिणाम होतो.

आता रोखण्याबद्दल. लॅम्प-२ए हा लॅम्प-२ चाच एक प्रकार; ते निवडक प्रथिनांना लायसोसोममध्ये घेणारे दार आहे. बऱ्याच गाठींमध्ये ते वाढलेले आढळते आणि उंदरांवरच्या प्रयोगांत ते कमी केल्यावर गाठींची वाढ मंदावली. पण निरोगी पेशीत हीच वाट सी-मिक या कर्करोगाला चालना देणाऱ्या प्रथिनाला आटोक्यात ठेवायला मदत करते. म्हणजे गाठ होण्यापूर्वी हे दार रक्षण करते आणि गाठ झाल्यावर तिलाच पोसते. लॅम्प-२ जन्मतः नसेल तर डॅनन आजार होतो आणि हृदयाचे स्नायू निकामी होतात. लॅम्प-१ तर कर्कपेशींना मारणाऱ्या आपल्या एनके पेशींनाही (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) लागते. ते नसेल तर त्यांची मारक क्षमता घटते.

म्हणून केवळ पृष्ठभागावर आलेली प्रथिने किंवा बाहेरचा पंप नेमका गाठणे जास्त शहाणपणाचे, असे मला वाटते. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे मूळचे मलेरियावरचे औषध एकेका प्रथिनाला लक्ष्य करत नाही, सगळ्याच लायसोसोमचा सामू वाढवते. कर्करोगावरच्या चाचण्यांत त्याचा फायदा आतापर्यंत मर्यादितच दिसला आहे. घरात कोणी रुग्ण असेल तर ते परस्पर सुरू करू नका, हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.