तळेगावकर की तलेगांवकर: नोटरीकडे जायच्या आधी घरातली भांडी बघा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली, कारण ही सगळी कहाणी आमच्या घरात होऊन गेलीय. तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर तलेगांवकर, मिस्टरांच्या आधारवर तालेगांवकर, आणि आजेसासऱ्यांच्या तांब्याच्या घागरीवर टिंबाटिंबांनी कोरलेलं तळेगावकर. मुलाला शाळेत आडनावाचा अर्थ सांगायचाय आणि नेटवर ‘तल म्हणजे खालची पातळी’ असं काहीतरी मिळालं. आणि शेवटी विचारलंय की एकदाच शपथपत्र करून सगळीकडे दाखल्याप्रमाणे करून टाकावं का. त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलोय. नका करू. निदान आत्ता तरी नका करू.

अर्थाचं आधी उरकतो. तळं असलेलं गाव ते तळेगाव, बास. ‘तल’ वगैरे सगळं ळ चा ल झाल्यानंतरचं आहे. आपल्या इंदूरात सरकारी हिंदीत ळ नाहीच, त्यामुळे काळेचे काले झाले, मुळेचे मुले झाले, पळशीकरांच्या नावाची कॉलनी पलसीकर झाली. अहो, खुद्द होळकर! नीराकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर, आणि आज स्टेडियमवर बघा, 1891 च्या कॉलेजवर बघा, होलकर. ज्यांचं राज्य होतं त्यांचा ळ टिकला नाही तिथे शाळेच्या मास्तरने आपला कुठून टिकवायचा. ग्वाल्हेरवाल्यांचं तर शिंदेचं सिंधिया झालं. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो की आडनावाचा अर्थ शोधायच्या आधी ते कोणी लिहिलंय आणि कोणत्या भाषेच्या कागदावर लिहिलंय ते बघा.

आता माझी चूक. आमचं मूळ आडनाव माळेगावकर. वडिलांच्या शाळेत ते मालगांवकर लागलं, ळ पण गेला आणि मात्रा पण गेली. माझ्या सगळ्या मार्कशीट तशाच. घराची रजिस्ट्री आजोबांच्या वेळची, तिच्यावर मात्र माळेगावकर. 1996 मध्ये मला नोकरीत कागद एकसारखे करायचे होते, तर एका ओळखीच्या माणसाने सांगितलं एक शपथपत्र करून टाका, आणि मी केलं. त्यात काय लिहून दिलं? की आमचं खरं आडनाव मालगांवकरच आहे आणि बाकी जिथे वेगळं आहे ती लिखाणातली चूक आहे. सही केली, पेपरात जाहिरात दिली, विषय संपला असं वाटलं.

2009 मध्ये वडील गेले. घराच्या नामांतरणासाठी, म्हणजे घर कागदोपत्री वडिलांनंतर आमच्या नावावर करायला गेलो, कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या बाबूने रजिस्ट्री बघितली, माझं शपथपत्र बघितलं आणि म्हणाला, “साहब, ये तो आपने खुद लिखकर दिया है कि माळेगावकर आप नहीं हैं।” मी तसं लिहिलं नव्हतं, पण वाचणाऱ्याने तसं वाचलं तर काय करणार. चौदा महिने, ताई. दर खेपेला नवीन कागद, आज साहब नाहीत, आज फाइल वरच्या मजल्यावर आहे, आज सर्व्हर बंद. आईला सत्तरीत जिने चढायला लावले फक्त ‘हा माझाच मुलगा’ हे सांगायला. ती बाहेरच्या बाकावर पदराने घाम पुसत बसायची ते आठवलं की अजून छातीत कळ येते. दोन आडनावांची एकच फॅमिली आहे हे सांगायला कोणाची हरकत नव्हती, हरकत होती ती माझ्याच सहीची.

म्हणून माझं मत (मी वकील नाही, आपल्या कागदांसाठी वकिलाला विचाराच) असं की शपथपत्र करायचंच तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत’ एवढंच करा. जुनं चूक, नवं बरोबर असं चुकूनही लिहून देऊ नका. जुनं बरोबर निघालं तर काय करणार?

आणि आमचं जुनंच बरोबर निघालं. वडील आम्हाला लहानपणी नाशिकच्या बसमध्ये आग्रा रोडवर मालेगाव आलं की खिडकीतून दाखवायचे, हे आपलं गाव. नंतर मी दोनदा तिथे उतरून मालेगावकर शोधले, एक घर सापडलं नाही. हे पण लक्षात ठेवा, मला कोणी वेळेवर सांगितलं नाही: आडनावातलं ‘कर’ हे बहुतेक गाव सोडल्यावर लागतं. गावात असताना तुम्ही कुलकर्णी नाहीतर जोशी नाहीतर पवार, बाहेर गेल्यावर लोक गावावरून ओळखतात. फलटणचे निंबाळकर मूळचे पवारच, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. तेव्हा तळेगावात जाऊन तळेगावकर विचारत फिरू नका, हाती काही लागायचं नाही.

घरात तांब्याचं घंगाळ होतं, त्याच्या काठावर स्वच्छ ‘माळेगांवकर’ कोरलेलं. मी रोज त्यातून आंघोळीचं पाणी घेतलं आणि वीस वर्षं समजत राहिलो की कोरणाऱ्याकडून चूक झालीय. कागद खरा मानला आणि घंगाळ खोटं. आजी टाकातल्या खंडोबाला नेहमी ‘आपला जेजुरीचा’ म्हणायची, तेही कोणी मनावर घेतलं नाही.

वडिलांच्या नंतर त्र्यंबकेश्वरला विधीसाठी गेलो तेव्हा उपाध्यांनी गाव विचारलं, मी मालेगाव सांगितलं, त्यांच्या घराण्यांच्या नोंदींच्या वहीत काही निघेना. मग त्यांनी विचारलं कुलदैवत कोणतं, आणि माळेगावकर व्हायच्या आधीचं उपनाव काय? ते आईला माहीत होतं, कुलकर्णी. मी म्हटलं खंडोबाचं माळेगाव म्हणजे नांदेडचं असेल, लोहा तालुक्यातलं, तिथे मोठी जत्रा भरते. ते म्हणाले थांबा. दुसरी वही काढली, लाल कापडात बांधलेली, आणि कुलकर्णी, माळेगाव, बारामतीकडचं, असं पान उघडलं. खाली पणजोबांची सही, मोडी लिपीत. मला एक अक्षर वाचता आलं नाही, उपाध्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. पणजोबांच्या हाताची शाई बघितली तेव्हा मी आणि आई दोघंही गप्प झालो.

तुमच्याकडे तर तळेगाव किती! तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे ही दोन्ही पुणे जिल्ह्यात, तळेगाव दिघे संगमनेरकडे, दशासर अमरावतीत, श्यामजीपंत वर्ध्यात. नुसत्या आडनावावरून ठरणारच नाही. सासूबाईंना कुलदैवत, कुलदेवी, गोत्र आणि ‘कर’ लागायच्या आधीचं उपनाव, एवढं विचारून आजच लिहून ठेवा, उद्यावर टाकू नका. घराणं इंदूरला येण्याआधी महेश्वरला होतं का तेही विचारा, कारण राजधानी इंदूरला आली 1818 मध्ये, मंदसौरच्या तहानंतर, त्याआधीची बरीच मंडळी अहिल्याबाईंच्या महेश्वरातली. आणि मोडी कागद सापडले तर वाचणाऱ्याला आधी सांगा की ऱ्हस्व-दीर्घावरून अंदाज बांधू नका, मोडीत तो फरक बहुधा केलेलाच नसतो.

कागदांवर नावं शोधताना अजून एक. आपलं राव, पंत, बाई हे हिंदी कागदावर कधी कधी वेगळं तोडून लिहितात आणि तेच आडनाव समजलं जातं. माझ्या आत्याचं आडनाव एका जुन्या यादीत चक्क ‘बाई’ आहे. लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव वेगळं, माहेरचं वेगळं, हेही धरून चला.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की आजेसासऱ्यांचं नाव दगडू होतं आणि सासूबाई म्हणतात मुलाला शाळेत सांगू देऊ नको, बरं दिसत नाही. प्लीज सांगू द्या. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवायचे, वाईटाची नजर पडू नये म्हणून. ज्या आईने ते नाव ठेवलं तिने आधी किती सोसलं असेल. त्या नावामागे हीच आस होती की हा एक तरी राहू दे. तो राहिला म्हणून तुमचा मुलगा आज शाळेत आहे.

बाकी, घागरीचा बुडाकडचा फोटो टाका. काठावर नाव असतं पण कधी कधी खाली गाव किंवा साल पण कोरलेलं असतं, चिंचेने घासून मग उजेडात तिरकं धरून बघा, टिंबं दिसतात.