घरातल्या घरात फाइल कॉपी करताना स्पीड ११ एमबीवरच का अडकतो?

तुमचा प्रश्न असा: मंगळवार पेठेत दुमजली घर, खाली एडिटिंगचा कॉम्प्युटर, वर लॅपटॉप, दोन्ही वायरने राउटरला जोडलेले. लग्नाच्या शूटिंगचा ४० जीबीचा डेटा वर घ्यायला तास लागतो, तर इंटरनेटचा प्लॅन वाढवू का?

अजिबात नको. घरातला डेटा खालून वर जाताना बाहेरच्या इंटरनेटवर जातच नाही, राउटरपाशीच वळतो. प्लॅन कितीचाही घ्या, ही कॉपी इतकाच वेळ घेणार.

११ हा आकडाच बरंच सांगून जातो. इंटरनेटचा स्पीड मेगाबिटमध्ये मोजतात, कॉपीची खिडकी मेगाबाइट दाखवते. १०० मेगाबिटला ८ ने भागलं की १२.५, त्यातून डेटा पोचवण्याचा वरखर्च वजा जाता ११-११.५ उरतात. म्हणजे वाटेत कुठेतरी लिंक, म्हणजे मशीन आणि राउटरमधली वायरची जोडणी, १०० मेगाबिटवर उतरली आहे. गिगाबिट (१००० मेगाबिटची) लिंक नीट चालली तर ११० मेगाबाइटच्या आसपास मिळतात आणि तुमचे ४० जीबी सहा-सात मिनिटांत जातात.

आता कुठे उतरली ते शोधायचं. दोन्ही मशीनवर सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर ‘लिंक स्पीड’ बघा. जिथे १००/१०० दिसेल, ती बाजू धरा. आधी राउटरचं मॉडेल नेटवर तपासा. वायफाय ड्युअल बँड, खोक्यावर मोठमोठे आकडे, आणि मागचे लॅन पोर्ट (वायर खोचायच्या जागा) मात्र १०० चेच, असे राउटर सर्रास मिळतात. लॅपटॉपला यूएसबीतून लॅन घेतलं असेल तर तो स्वस्तातला अडॅप्टरही १०० चाच असू शकतो.

ही दोन्ही ठीक असतील तर वायर. माझा पहिला संशय तिच्यावरच, कारण खालून वर जाणारी वायर बहुतेक वेळा इलेक्ट्रिशियननं ओढलेली असते. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० मेगाबिटला केशरी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक जरी तार क्रिंप करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, नीट बसली नाही तरी नेट चालतं, दिवा लागतो, कुणाला शंका येत नाही. लिंक मात्र गुपचूप १०० वर येते. काही महाभाग तर एकाच केबलच्या दोन जोड्या कॉम्प्युटरला आणि दोन कॅमेऱ्याला देऊन मोकळे होतात! कनेक्टर पारदर्शक असतो, उजेडात धरून आठही तारा टोकापर्यंत पोचल्यात का बघा.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे लॅपटॉप खाली आणा आणि एका छोट्या, चांगल्या तयार केबलनं राउटरला लावा. लिंक १००० झाली तर भिंतीतली वायर दोषी. दोन्ही टोकं नव्यानं क्रिंप करून घ्या, राउटर बदलायच्या भानगडीत पडू नका राव. तरी जमलं नाही तर कॅट ५ई (नेटवर्क केबलची एक प्रत) ची शुद्ध तांब्याची वायर ओढा. घरातल्या अंतराला ती भरपूर झाली, दुकानदार कॅट ७ गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण वळणावर लवकर तुटते.

लिंक १००० दाखवूनही कॉपी ३०-३५ वर रेंगाळली, तर नेटवर्कला बोल लावू नका. एक्स्टर्नल हार्डडिस्क यूएसबी २ च्या पोर्टात असेल. ती काढून निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात लावून बघा.