आम्हा दोघांनाही एचआयव्ही आहे. बायकोचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) माझ्यापेक्षा बराच कमी आला आहे. मग तिची औषधं थोडी उशिरा सुरू केली तर चालेल का?

नाही, तिला थांबवू नका. आकडा कमी म्हणजे हातात वेळ जास्त, हा हिशोब इथे लागू पडत नाही. मी समुपदेशनाचं काम करतो. दोघांचे रिपोर्ट शेजारी ठेवून हाच प्रश्न विचारणारी जोडपी नेहमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा लोड ४५ हजार आणि त्यांचा १४ हजार, असं तुम्ही लिहिलंय. संसर्गाच्या पहिल्या काही वर्षांत बाईचा लोड पुरुषापेक्षा कमी भरणं अगदी सर्रास दिसतं. अमेरिकेत बाल्टिमोरला सुईवाटे नशा करणाऱ्यांची वर्षानुवर्षं तपासणी केली गेली. २००१ मध्ये निष्कर्ष आले: सुरुवातीचा लोड पुरुषांत साधारण ५० हजार, स्त्रियांत १५ हजार. तरीही एड्सपर्यंत पोचण्याचा वेग दोघांचा जवळपास सारखाच निघाला. त्या काळी औषधं कधी द्यायची हे लोड बघूनही ठरायचं. म्हणजे आजार तितकाच पुढे गेलेल्या बाईला 'अजून गरज नाही' असं सांगून परत पाठवलं जात होतं. हे मला आजही खुपतं.

असं का होतं? विषाणू ओळखणारा टीएलआर-७ नावाचा रिसेप्टर काही संरक्षक पेशींत असतो आणि त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. एचआयव्ही दिसला की स्त्रियांच्या या पेशी इंटरफेरॉन (विषाणूला रोखणारं प्रथिन) जास्त सोडतात. त्यामुळे सुरुवातीला विषाणू दबतो खरा, पण प्रतिकारशक्ती सतत चेतलेली राहते, आणि दीर्घकाळ चाललेली ही धगच सीडी-४ पेशींची, म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या संरक्षक पेशींची, झीज करते. लोड सारखाच असलेले पुरुष आणि स्त्री घेतले, तर स्त्रीच्या पेशी जास्त चेतलेल्या आढळतात. तुमच्या पत्नीचा सीडी-४ चा आकडा तुमच्यापेक्षा चांगला आला असेल तर त्यावरही विसंबू नका; स्त्रियांत तोही मुळात थोडा जास्त असतो.

२०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सरळ आहे: निदान झालं की एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं), सीडी-४ कितीही असो. टीबी किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग असेल तरच डॉक्टर काही काळ थांबायला सांगतात.

गोळ्या नियमित घेतल्या की काही महिन्यांत दोघांचाही लोड मोजता न येण्याइतका खाली येऊ शकतो. मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आत्ताच सांगा, म्हणजे औषधं त्या हिशोबाने निवडता येतील.