वाचकांचे प्रश्न: स्टेलरेटरची वीज आधी कशी मोजणार?

प्रश्न: अजून न बांधलेल्या स्टेलरेटर (पिळदार चुंबकक्षेत्रात प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, कोंडणारे संलयन यंत्र) वीजकेंद्रात तो प्लाझ्मा उष्णता किती वेळ धरून ठेवेल, हे कसे ठरवतात?

उत्तर: पहिला अंदाज आयएसएस-०४ या सूत्राने बांधतात. अनेक यंत्रांच्या मोजमापांवरून बसवलेले हे सूत्र. त्यात प्लाझ्माच्या आडव्या छेदाच्या त्रिज्येचा घातांक २.२८, चुंबकक्षेत्राचा ०.८४, घनतेचा ०.५४ आणि तापनशक्तीचा उणे ०.६१. म्हणजे बाकी सगळे तेच ठेवून तापनशक्ती दुप्पट केली, तर उष्णता टिकण्याचा काळ सुमारे दोन-तृतीयांशावर येतो. साठलेली ऊर्जा जेमतेम ३१ टक्के वाढते. चुंबकक्षेत्र दुप्पट केले, तर काळ १.८ पट.

पण नुसत्या सूत्रावर विसंबू नये. विरळ टकरींच्या तप्त प्लाझ्मात चुंबकक्षेत्राच्या लहरींत अडकलेले कण बाहेर सरकतात आणि ही गळती तापमानाच्या ३.५ घातांकाने वाढते: तापमान दुप्पट, गळती अकरा पट! थंड यंत्रांच्या आकड्यांत ती नीट दिसतच नाही.

जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलस्टाइन ७-एक्स या स्टेलरेटरमध्ये चुंबकांच्या कॉइलचे आकार वाकडेतिकडे ठेवून ही गळती आवरली आहे. मग मागची गोष्ट पुढे आली: प्रक्षुब्धता, म्हणजे प्लाझ्मातली उष्णता बाहेर नेणारी खळबळ. मायक्रोवेव्हने इलेक्ट्रॉन कितीही तापवले, तरी वायूभरणाच्या प्रयोगांत आयनांचे तापमान सुमारे १.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (पावणेदोन कोटी अंश) अडले. गोठवलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या मारून मध्यभागी घनता वाढवली, तेव्हा प्रक्षुब्धता दबली आणि आयनांचे तापमान त्यापुढे गेले. म्हणून भाकितात घनतेचा उतार (मध्यापासून कडेकडे ती किती घटते) गृहीत न धरता गायरोकायनेटिक गणनेतून (प्रक्षुब्धतेच्या संगणकीय गणनेतून) काढावा. महागडे काम, पण टाळता येत नाही.