पक्षांतरबंदी कायदा असूनही पक्ष फुटतात कसे?
कायदा आहे, पण तो एकट्यादुकट्याला पकडतो, मोठ्या गटाला पकडताना अडखळतो. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने घटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजेच हा कायदा, आलं, तेव्हा एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती 'फूट' धरायचे आणि आमदारकी वाचायची. २००३ मध्ये ही पळवाट काढून टाकली, आता दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षातल्या विलीनीकरणाला होकार दिला तरच संरक्षण मिळतं. मग लोक काय करतात, तर आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच खरा पक्ष असं म्हणतात, आणि भांडण नाव नि चिन्हासाठी निवडणूक आयोगाकडे जातं. शिवसेनेचं २०२२ ला, राष्ट्रवादीचं २०२३ ला हेच झालं, दोन्हीकडे आयोगाने मुख्यतः आमदार-खासदारांचं बळ बघितलं. मला हे मनापासून खटकतं, कारण पक्ष म्हणजे फक्त आमदार नव्हेत ना, वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता मोजलाच जात नाही.

आणि अपात्रतेचा, म्हणजे आमदारकी जाते की राहते याचा, निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे, ते बहुतेक वेळा सत्ताधारी बाजूचेच, त्यामुळे निकाल लांबतो आणि तोवर टर्म संपत येते. फूट काही नवीन नाही म्हणा, १९६९ ला काँग्रेससुद्धा दुभंगली होती, तेव्हा तर हा कायदाच नव्हता.