बॉक्सरसाठी मुलीची एसआयपी थांबवू नका

तुम्ही लिहिलंय की दोघांचे मिळून महिन्याला हातात १,१०,००० येतात, खर्च आणि हप्ते जाऊन ९,००० उरतात. ११,४०० चा गाडीचा हप्ता नोव्हेंबरला संपतोय. मुलीला बॉक्सर जातीच्या कुत्र्याचं पिल्लू हवंय, ३५,००० सांगितलेत, आणि त्याचा खर्च भागवायला तिच्या शिक्षणाची ८,००० ची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, थांबवावी का?

नाही. पिल्लू जरूर आणा, पण गाडीचा हप्ता संपल्यावर.

पस्तीस हजार हा यातला लहान आकडा आहे. बॉक्सर साधारण दहा-बारा वर्षं जगतो आणि नर तीस किलोच्या पुढे जातो. खाणं, लसी, गोचिडांची औषधं, गावाला जाताना त्याला ठेवायचं बोर्डिंग, महापालिकेचा परवाना हे सगळं धरून मी महिना ९,००० चा अंदाज मांडतो. दहा वर्षांचे १०,८०,००० झाले, तेही महागाई न धरता.

खरी काळजी आजारपणाची. या जातीत हृदयाच्या ठोक्यांचा आनुवंशिक विकार आढळतो, कर्करोगाच्या गाठींचं प्रमाणही जास्त. अशा वेळी बिल एकदम मोठं येतं, आणि तुमच्या बचत खात्यातले १,००,००० आज घरालाच जेमतेम महिनाभर पुरतील. पेट इन्शुरन्स घ्यायचा तर पिल्लू लहान असतानाच घ्या. आधीपासूनचा आजार त्यात सहसा धरत नाहीत.

जात म्हणून निवड चांगली आहे. मुलांवर जीव लावणारा, खेळकर, राखणीलाही सजग. मात्र अंगात प्रचंड ऊर्जा, रोज दोन वेळा दमवावं लागतं. चपट्या तोंडामुळे ऊन सोसत नाही. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये फिरवणं पहाटे आणि रात्रीच, दुपारी पंखा किंवा एसी. म्हणजे वीजबिलही वाढणार. तुम्ही दोघंही नोकरीला जाता, तेव्हा दिवसा त्याच्यापाशी कोण असेल हे आधी ठरवा. माणूस ठेवावा लागला तर माझा अंदाज अपुरा पडेल.

तोवर उरणारे ९,००० दरमहा वेगळ्या आरडीत, म्हणजे बँकेच्या आवर्ती ठेवीत, टाका. नोव्हेंबरपर्यंत आठ हप्त्यांचे ७२,००० होतील. त्यातून पिल्लू आलं तरी ३७,००० त्याच्या दवाखान्यासाठी उरतात. डिसेंबरपासून हाताशी २०,४०० असतील. ९,००० त्याला, बाकीचे घराच्या अडीअडचणीच्या रकमेत, ती निदान तीन महिन्यांच्या खर्चाइतकी होईपर्यंत. थंडीत आणलेलं पिल्लू उन्हाळ्याआधी घरात रुळलेलंही असेल.

पैसे देण्याआधी पिल्लाच्या आईवडिलांच्या हृदयाच्या तपासणीचे कागद मागा. ब्रीडर, म्हणजे पिल्लं पैदा करून विकणारा, टाळाटाळ करत असेल, तर तिथे व्यवहार करू नका.